आडवे शब्द, उभा बाजार

२१ डिसेंबर १९१३. रविवार. नाताळ चार दिवसांवर आलेला. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या 'फन' नावाच्या पुरवणीत त्या दिवशी एक नवाच खेळ छापून आला. तो रचला होता आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या संपादकाने. आकार हिऱ्यासारखा, मधोमध पोकळ. नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. पुढे काही आठवड्यांत छपाईच्या गडबडीत ते उलटून 'क्रॉस-वर्ड' झालं आणि तेच कायम राहिलं. जगातलं पहिलं शब्दकोडं म्हणून मान मिळतो तो याला.

या कोड्याच्या अगदी वरच्या तीन चौकटी रिकाम्या नव्हत्या. तिथे 'फन' ही तीन अक्षरं आधीच भरून दिली होती. म्हणजे मौज. आणि म्हणजेच पुरवणीचं नाव. त्याखाली पाच चौकटींची पहिली खरी ओळ. तिचं सूत्र असं: स्वस्तात खरेदी करायला निघालेल्यांना काय आवडतं? उत्तर, 'सेल्स'. त्याखालच्या सात चौकटींचं सूत्र: लेखी पोच. उत्तर, 'रिसीट', अर्थात पावती.

मौज, सेल, पावती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवर किंवा दादरला जाऊन आलेल्या कुणालाही हा क्रम समजावून सांगावा लागणार नाही. शब्दकोड्याच्या डोक्यावर पुरवणीची जाहिरात होती आणि पहिल्या ओळीत बाजार होता. जन्मापासूनच हे दोघे शेजारी आहेत. शेजाऱ्यांचं असतं तसंच त्यांचंही आहे. एकमेकांवाचून चालत नाही, आणि एकमेकांची खोडी काढल्याशिवाय राहवत नाही.

दोन अक्षरांचा नोकर

इंग्रजी शब्दकोड्यात जाहिरातीला मोठा मान आहे, पण तो जाहिरातीच्या थोरवीमुळे नाही. 'ॲड' हा शब्द दोन अक्षरांचा आहे, एवढंच त्याचं कारण. ए आणि डी. जाळं विणताना कुठे तरी कोपरा अडतो, तिथे असे आखूड शब्द पाचरीसारखे ठोकता येतात. 'ॲड्स' केलं की तीन अक्षरं, 'प्रोमो' पाच, 'स्लोगन' सहा.

नेहमीच्या साध्या कोड्यात सूत्र सरळ असतं. जाहिरातक्षेत्रातला पुरस्कार, चार अक्षरं? 'क्लिओ'. हा पुरस्कार १९५९ मध्ये सुरू झाला आणि त्याला नाव दिलं गेलं ग्रीक पुराणातल्या इतिहासाच्या देवतेचं. त्याआधी कोड्यातल्या क्लिओची ओळख एकच होती, इतिहासाची देवता. नंतर तिला दुसरी नोकरी लागली. आज अमेरिकेतला कोडं सोडवणारा माणूस या चार चौकटींकडे पाहून आधी जाहिरातीचा विचार करतो, की इतिहासाचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ब्रिटिश पद्धतीच्या गूढ कोड्यात मात्र मजा वेगळी. तिथे प्रत्येक सूत्राला दोन तोंडं असतात. एक तोंड अर्थ सांगतं, दुसरं अक्षरांची जोडणी. आणि या जोडणीत 'ॲड' हा हरकाम्या नोकर आहे. सूत्रात 'नोटीस' आलं, 'पोस्टर' आलं, 'बिल' आलं, 'कमर्शियल' आलं किंवा 'प्लग' आलं, की मुरलेला वाचक ए आणि डी ही अक्षरं मनात मांडून मोकळा होतो. पण 'बिल' म्हणजे चोचही असते आणि हॉटेलातला हिशेबही. 'प्लग' भिंतीतही असतो. 'पोस्टर' म्हणजे पत्र टाकणारा माणूसही होऊ शकतो. रचणाऱ्याने यातला भलताच अर्थ आपल्या डोळ्यांपुढे नाचवायचा आणि खरा अर्थ पाठीमागे लपवायचा. टेनिसमध्येही 'ॲड' असतं, ड्यूसनंतरची आघाडी. ते आणखी वेगळं.

जोडणीतून कधी कधी नकळत शहाणपणही बाहेर पडतं. 'ॲड'पुढे दुर्गुण या अर्थाचा 'व्हाइस' ठेवला की इंग्रजीत 'ॲडव्हाइस' होतं. जाहिरात अधिक दुर्गुण बरोबर सल्ला. गंमत जुनीच आहे, पण टीव्हीसमोर बसून कर्जाचे, केसांचे आणि गुडघेदुखीचे सल्ले ऐकताना ती दर वेळी नव्याने पटते.

बिस्किट का जिंकलं?

नुसत्या 'जाहिरात' या शब्दापेक्षा जाहिरात केलेल्या वस्तूंची नावं कोड्यात आली, तेव्हा खरा वाद झाला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १५ फेब्रुवारी १९४२ रोजी शब्दकोडं सुरू केलं. पहिल्या संपादक मार्गारेट फरार. तिथे दीर्घकाळ व्यापारी नावांना दार जवळजवळ बंदच होतं. १९७७ ते १९९३ या काळातले संपादक यूजीन मलेस्का शिक्षणक्षेत्रातले. कोडं म्हणजे ज्ञान, असा त्यांचा बाणा. दुकानातल्या फळीवरचं नाव उत्तर म्हणून येणं त्यांना रुचत नसे. फुकटची जाहिरात होते, हा एक आक्षेप होताच.

त्या काळात ओ, आर, ई, ओ ही चार अक्षरं कोड्यात यायची, पण त्यांचं सूत्र असायचं: डोंगर या अर्थाचा ग्रीक मुळाचा उपसर्ग. घरोघरी बरणीत ज्या नावाचं बिस्किट होतं, त्याचा उच्चारही नाही! १९९३ मध्ये विल शॉर्ट्‌झ संपादक झाले आणि वारं बदललं. लोक जे शब्द रोज बोलतात ते कोड्यात आले पाहिजेत, ही त्यांची भूमिका. डोंगर मागे पडला, ओरिओ बिस्किट पुढे आलं आणि आज ते अमेरिकी कोड्यांत सगळ्यात जास्त भेटणाऱ्या व्यापारी नावांपैकी एक आहे.

हे भाग्य ओरिओला कसं मिळालं? पैसे देऊन नव्हे. ओरिओ बाजारात आलं १९१२ मध्ये. अगदी तसंच, मधे क्रीम असलेलं काळं बिस्किट 'हायड्रॉक्स' या नावाने त्याच्या चार वर्षं आधीपासून, १९०८ पासून विकलं जात होतं. म्हणजे थोरली पाती हायड्रॉक्सची. पण कोड्याच्या जाळ्यात थोरलेपण चालत नाही. ओरिओच्या चार अक्षरांत तीन स्वर, प्रत्येक स्वरातून एक उभा शब्द सहज उतरतो. हायड्रॉक्सच्या इंग्रजी अक्षरांत एच, वाय, डी, आर आणि शेवटी एक्स. त्या एक्सशी जुळणारा शब्द शोधता शोधता रचणारा टेकीला येतो.

जाहिरातीच्या जगात जो जास्त पैसा ओततो तो जिंकतो. कोड्यात जिंकतो तो स्वरांनी भरलेला.

असंच 'एसो' या पेट्रोलच्या नावाचं. 'स्टँडर्ड ऑइल'च्या एस आणि ओ या आद्याक्षरांच्या उच्चारातून ते घडलं. १९७२ मध्ये कंपनीने अमेरिकेत ते सोडून 'एक्सॉन' हे नाव घेतलं. पंपांवरच्या पाट्या उतरल्या, पण कोड्यातली पाटी कुणी उतरवली नाही. चार अक्षरं, दोन्ही टोकांना स्वर. असा मोहरा कोण टाकून देईल? बॉर्डन कंपनीच्या दुधाच्या जाहिरातीतली 'एल्सी' ही गाय १९३० च्या दशकातली. तिच्या नवऱ्याचं, एल्मर या बैलाचं नाव पुढे एका डिंकाला दिलं गेलं. हे दांपत्य कोड्यांच्या गोठ्यात अजून सुखाने नांदतं आहे.

आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांत परदेशी कोडी वर्षानुवर्षं छापून येत आली आहेत. ओरिओ भारतात विकायला आलं २०११ मध्ये. लोकलमध्ये पेपरची चौघडी घालून पेन चालवणाऱ्या कित्येकांनी ते त्याआधी कितीदा तरी चौकटींत भरलं असेल. चव माहीत नाही, रंग माहीत नाही, पण स्पेलिंग पाठ! कुठल्याही जाहिरातदाराला चक्रावून टाकील असं हे गिऱ्हाईक.

खिडक्यांत लपलेलं नाव

लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर एक मनोरा आहे. 'ऑक्सो' या नावाने मांसाच्या अर्काच्या वड्या बनवणाऱ्या कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या गोदामाची इमारत नव्याने बांधून घेतली. मनोऱ्यावर दिव्यांची जाहिरात लावायचा बेत होता. परवानगी मिळाली नाही. मग वास्तुरचनाकार अल्बर्ट मूर यांनी मनोऱ्याला खिडक्या काढल्या. वर एक गोल, मधे फुली, खाली पुन्हा गोल. चारही बाजूंनी. नियमात जाहिरातीला बंदी होती, खिडक्यांना कुठे होती? रात्री आत दिवे लागले की नदीकाठी ऑक्सो हे नाव उजळायचं.

मला हे गूढ कोड्याचं उत्तम उदाहरण वाटतं. वरवरचा अर्थ खिडकी, खरा अर्थ जाहिरात. आणि शब्दही असा की वरून वाचा, खालून वाचा, तोच. कोडं रचणाऱ्यांचा तो लाडका असावा यात नवल नाही.

या दोन्ही कला एकाच हातात असलेली एक लेखिका त्याच काळात त्याच शहरात होती. डोरोथी सेयर्स. रहस्यकथाकार म्हणून ती प्रसिद्ध, पण १९२० च्या दशकात पोटासाठी ती एस. एच. बेन्सन या जाहिरातसंस्थेत मजकूर लिहीत असे. कोलमन्सच्या मोहरीसाठी तिथे 'मस्टर्ड क्लब' नावाची मोहीम चालली, तिच्यात तिचा हात होता. १९२८ च्या कथासंग्रहात तिने एक गोष्ट लिहिली. तिच्यातल्या काकांच्या मृत्युपत्राचा पत्ता लागतो तो शब्दकोड्यातून, आणि त्या कोड्याच्या चौकटी असतात हौदाच्या तळाच्या फरशीत. १९३३ मध्ये तिने एक कादंबरी लिहिली, तिच्यात खून होतो तो थेट जाहिरातसंस्थेच्या गोल जिन्यावर. मजकूर लिहिणारीला ठाऊक होतं की दोन्हीकडे कौशल्य एकच, मोजक्या शब्दांत माणसाला थांबवणं. फरक पुढच्या पावलात. जाहिरात थांबवते आणि उत्तर हातात देते. कोडं थांबवतं आणि उत्तर काढून घेतं.

बक्षिसाचं कोडं कोर्टात

कोडं स्वतःच जाहिरात झालं तर? वृत्तपत्रांनी हे फार लवकर ओळखलं. १९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकांनी न्यूयॉर्कमध्ये कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं आणि त्याला एक पेन्सिल जोडून दिली. पुस्तकाने असं वेड लावलं की बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने प्रवाशांसाठी गाडीत शब्दकोश ठेवले. त्याच वर्षी लंडनच्या 'टाइम्स'ने अमेरिका गुलाम झाली, अशा अर्थाच्या मथळ्याखाली या खुळाला नाकं मुरडली. पण 'डेली टेलिग्राफ'ने १९२५ मध्ये कोडं सुरू केलं, वाचक तिकडे वळू लागले, आणि १ फेब्रुवारी १९३० रोजी खुद्द 'टाइम्स'च्या पानावर कोडं अवतरलं. तत्त्व राहिलं बाजूला. खप हे मोठं तत्त्व.

आपल्याकडे या खपाने कळस गाठला तो स्वातंत्र्याच्या आगेमागे, बक्षिसांच्या शब्दकोड्यांत. प्रवेशिका कापायची, चौकटी भरायच्या, शुल्क जोडायचं आणि निकालाची वाट पाहत बसायचं. बक्षिसांचे आकडे पगाराच्या आकड्यांपुढे डोळे दिपवणारे. बेंगळुरूहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं वृत्तपत्र निघे. त्यातून चामरबागवाला यांची 'आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्‌स' ही स्पर्धा चाले. छपाई म्हैसूर राज्यात, पण वाचक आणि स्पर्धक मोठ्या संख्येने मुंबई राज्यात. प्रवेशिका आणि पैसे गोळा करायला इथे ठिकठिकाणी केंद्रं.

मुंबई सरकारचा लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा १९४८ चा कायदा होता. १९५२ मध्ये त्यात दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. चामरबागवाला मुंबई उच्च न्यायालयात गेले. आमचा हा व्यवसाय आहे आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य घटनेने दिलं आहे, असा त्यांचा दावा. उच्च न्यायालयात ते जिंकले. राज्य सरकार अपिलात गेलं. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला.

सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी लिहिलेलं हे निकालपत्र वाचण्यासारखं आहे. शब्दकोड्याचा विचार करता करता ते ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापापर्यंत जातं, महाभारतातल्या द्यूतापाशी येतं, मनू आणि याज्ञवल्क्य यांची साक्ष काढतं. सार असं: उत्तर ज्ञानाने सापडत नसून आयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या शब्दाशी योगायोगाने जुळावं लागत असेल, तर ती स्पर्धा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाही. एकाच सूत्राला दोन-तीन शब्द सारखेच लागू पडत असतील, तर बुद्धी काय करणार? छापखाना दुसऱ्या राज्यात आहे, या सबबीचाही उपयोग झाला नाही. वृत्तपत्र इथे खपतं, आमंत्रण इथे पोचतं, पैसे इथे जमा होतात, एवढा संबंध पुरेसा मानला गेला. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने तर अशा स्पर्धांची बक्षिसं महिन्याला १,००० रुपयांवर आणि प्रवेशिका २,००० वर बांधून टाकल्या. त्यावरचा दुसरा खटलाही त्याच दिवशी निकाली निघाला. तिथे न्यायालयाने एक महत्त्वाची रेघ ओढली: ज्या कोड्यात खरोखर कौशल्याने जिंकता येतं, त्याला या कायद्याचा अडसर नाही.

आज मोबाइलवरच्या रमीचा किंवा काल्पनिक क्रिकेट संघांचा खटला उभा राहिला की वकील चामरबागवाला हे नाव घेतातच. कौशल्य कुठे संपतं आणि जुगार कुठे सुरू होतो, या प्रश्नावरचा आपल्या देशातला हा महत्त्वाचा निकाल एका शब्दकोड्याच्या स्पर्धेतून आला, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. त्या कोड्यांचं पाप एवढंच, की त्यांनी शेजाऱ्याचा धंदा उचलला. सोडवणाऱ्याला शब्द शोधायला लावण्याऐवजी त्यांनी त्याला आशा विकली.

चार चौकटी

लेख लिहायला घेतला तेव्हा मनात आलं, आपण एवढं बोलतो आहोत तर 'जाहिरात' हा शब्द मराठी कोड्यात बसवून तरी पाहावा. कागदावर जाळं आखलं. इंग्रजीत एका चौकटीत एक वर्ण. मराठीत एका चौकटीत पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असलं तर तेही तिथेच. जा, हि, रा, त. चार चौकटी.

पहिली अडचण दुसऱ्या चौकटीत. 'जाहीर'मधली ही दीर्घ, पण 'जाहिरात'मधली हि ऱ्हस्व. घाईत कुणी दीर्घ वेलांटी दिली, तर तिथून खाली उतरणारा शब्द बिघडला. इंग्रजी कोड्याला स्पेलिंग येणारा माणूस लागतो. मराठी कोड्याला वेलांटी कुठल्या बाजूला वळते हे ठाऊक असलेला.

आता उभे शब्द. 'जा'खाली जादू, 'हि'खाली हिशेब, 'रा'खाली राग, 'त'खाली तगादा. चारही अगदी मनासारखे! पण शेजारी-शेजारी उभे शब्द उतरवले तर खालच्या ओळी जुळत नाहीत, एक चौकट सोडून उतरवावे लागतात. म्हणजे एक तर जादू आणि राग घ्या, नाही तर हिशेब आणि तगादा. मी हिशेब आणि तगादा घेतले. हप्त्यावर वस्तू घेतलेला कुणीही हेच घेईल.

मग ओरिओ बसवून पाहिलं. ओ, रि, ओ. इंग्रजीत सोन्यासारखं असलेलं हे नाणं इथे खोटं निघालं. सुटा 'ओ' मराठीत बहुधा शब्दाच्या आरंभी येतो. ओढा, ओवी, ओसरी. दोन्ही टोकांना फक्त खाली उतरता येतं, वरून येऊन मिळायला शब्द मिळत नाही. त्यापेक्षा आपला 'डालडा' बरा. त्याची जन्मकथाही कोड्याचीच आहे. 'डाडा' हे एका डच कंपनीचं नाव होतं, वनस्पती तूप विकायला घेतलं लिव्हरने. आपली खूण म्हणून त्यांनी त्या नावाच्या पोटात लिव्हरचं 'एल' घातलं. १९३७ मध्ये बाजारात आलेलं हे नाव पुढे कंपनीच्या हातातून निसटून भाषेत शिरलं. आता डालडा म्हणजे एक डबा नाही, शुद्ध नसलेलं काहीही. दिलेला अर्थ पुसून लोकांनी आपला भरला.

जाहिरात शब्द होते ती अशी. मुंबईतल्या फलकांवर १९६६ पासून अमूलची मुलगी कोट्या करते आहे. लोक आधी कोटी सोडवतात, हसतात आणि पुढे जातात. लोणी आठवलं तर नंतर. आपल्याला हे नवीन नाही. दवंडी, डांगोरा, डंका. जाहिरातीचे आपले जुने शब्द सगळे पिटायचे. दवंडीचं सूत्र मी लिहिलं: 'पिटतात, पण मारत नाहीत (३)'. आणि दुसऱ्या बाजूला संस्कृतातून आलेली अंतर्लापिका, प्रश्नाच्याच शब्दांत उत्तर लपवणारी. एक गावभर ओरडणारी, दुसरी कानात कुजबुजणारी.

'जाहिरात'साठी मला सूत्र अंतर्लापिकेसारखंच हवं होतं. जी सगळ्यांना दिसावी म्हणून धडपडते, तिलाच एकदा लपवून बघायचं. दोन दिवस अक्षरं उलटीपालटी केली. शेवटी हे हाती आलं:

'राजा हिरा तपासतो, तेव्हा मधेच काय चमकतं? (४)'

पहिल्या तीन शब्दांमधली अंतरं पुसा. पहिलं 'रा' सोडून वाचायला लागा.

सूत्र लिहून झाल्यावर मीच चपापलो. हिरा आपल्या तेजाने चमकतो असं आपण मानतो. पण साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी हवीच, हे अमेरिकेच्या मनावर बिंबवलं ते डी बिअर्सच्या जाहिरातींनी. हिरा म्हणजे कायमचा, हे त्यांचं घोषवाक्य एन. डब्ल्यू. आयर या संस्थेतल्या फ्रान्सिस गेरेटी यांनी १९४७ मध्ये लिहिलं. राजाने हिरा कितीही निरखला तरी आत दिसणार ती जाहिरातच. अक्षरं ही गोष्ट माझ्याआधी जाणून होती.

आणि आर्थर विनचं ते पहिलं कोडं? तेही हिऱ्याच्याच आकाराचं होतं. मधोमध पोकळ.